फोटोंमधून कॉमिक बनवायचंय? पहिलं पान असं करा

एक बटण दाबलं की फोटोचं कार्टून करून देणारी ॲप्स ढिगाने आहेत आणि पहिल्यांदा वापरताना मजाही येते, पण असे चार फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा, कॉमिकचं पान वाटत नाही, चार विचित्र दिसणारे फोटोच वाटतात. कारण सोपं आहे. कॅमेरा समोर असेल ते सगळं टिपतो, भिंतीवरचा स्विचबोर्ड, शर्टाच्या सुरकुत्या, मागच्या खुर्चीवर टाकलेला टॉवेल, सगळं सारखंच स्पष्ट. चित्रकार मात्र गोष्टीला लागेल तेवढंच काढतो, बाकीचा कागद कोरा सोडतो नाहीतर सरळ काळा भरून टाकतो. म्हणजे फोटोतून कॉमिक करायचं तर आपलं खरं काम गाळण्याचं आहे, आणि ते एडिटिंगला बसल्यावर नाही, फोटो काढतानाच सुरू होतं.

पहिल्यांदा करताय तर एकच पान करा. सहा चौकटी, एक माणूस, एक जागा. बारा पानांची सुपरहिरोची गोष्ट डोक्यात असेल तर ती वहीत लिहून ठेवा, एक पान पूर्ण केल्यावर तीच गोष्ट तुम्ही वेगळी लिहाल. कॅमेरा कुठलाही चालेल, फोनही चालेल. सॉफ्टवेअरमध्ये लेयर (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर), मास्क (लेयरचा नको तो भाग न खोडता झाकणारा) आणि ब्लेंडिंग मोड (वरचा थर खालच्यात कसा मिसळायचा ते) एवढं असलं की झालं, म्हणजे फुकटातलं जिम्प किंवा क्रिटा, ब्राउजरमध्ये उघडणारं फोटोपी, किंवा असेल तर फोटोशॉप. मी खाली जे सांगतोय ते थोड्याफार फरकाने या सगळ्यांत होतं, मेनूची नावं इकडची तिकडे होतात इतकंच.

गोष्ट आणि कच्चं पान

उदाहरणासाठी एक छोटी गोष्ट घेऊया. रात्री एकजण घरी येतो, दारासमोर उभा राहून किल्ली काढतो, किल्ली हातातून सुटून जिन्याच्या मधल्या पोकळीतून खाली पडते, तो वाकून बघत राहतो आणि तेवढ्यात घरात कोणीच नसताना दार आतून हळूच उघडतं. संपली. एकही संवाद नसला तरी कळेल अशी गोष्ट निवडायची, म्हणजे संवाद चित्रातलंच परत सांगत बसणार नाहीत.

आता एका कागदावर पेन्सिलने सहा चौकटी आखा आणि त्यात काडीची माणसं काढा. चित्रकला येत नसली तरी चालतं, इथे फक्त माणूस चौकटीत किती मोठा, कुठल्या बाजूला आणि कुठे बघतोय एवढंच ठरवायचंय. पहिली चौकट रुंद, त्यात जिना, दार आणि माणूस लहान दिसेल असा. दुसरी, खिशात गेलेला हात. तिसरी सगळ्यात मोठी, हवेतली किल्ली. चौथी उभी आणि अरुंद, वरून खाली दिसणारा जिना, कारण पडणं उभ्या चौकटीत जास्त खोल वाटतं. पाचवी, नुसता चेहरा. सहावी, दाराची फट.

हे काढतानाच संवादांचे फुगे कुठे येणार त्याचे गोल मारून ठेवा. हा टप्पा नवीन लोक हमखास वगळतात आणि मग फोटो सुंदर येतो पण फुगा ठेवायला जागा नाही म्हणून तो कोणाच्यातरी डोक्यावर बसतो. मराठी आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून जो आधी बोलतो तो शक्यतो डावीकडे आणि त्याचा फुगा वर. आणि माणूस पहिल्या चौकटीत डावीकडून उजवीकडे तोंड करून असेल तर पुढेही तसाच ठेवा, मध्येच कॅमेरा दुसऱ्या बाजूला नेऊन फोटो काढला की तो परत निघाला की काय असं वाटतं. सिनेमावाले याला १८० अंशांचा नियम म्हणतात आणि कॉमिकमध्ये तो अजून कडक पाळावा लागतो कारण इथे मधली हालचाल दिसतच नाही, ती वाचणारा दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत स्वतःच भरून घेतो.

फोटो काढणं

सगळ्यात आधी लाइट. एकच दिवा, कडक, बाजूने आणि डोक्याच्या थोडा वर. टेबल लॅम्प चालेल, टॉर्च चालेल, फक्त पुढे पांढरा कागद वगैरे लावून तो मऊ करू नका. नेहमीच्या पोर्ट्रेटमध्ये आपण सावल्या मऊ करायला धडपडतो, इथे उलटं, नाकाची सावली गालावर धारदार पडली पाहिजे, कारण पुढे हीच सावली शाईचा काळा डाग होणार आहे. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत प्रकाश भिंतीवरून परत येतो आणि सावल्या करड्या होतात, तेव्हा माणसाला भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे आणा आणि सावलीच्या बाजूला एखादी काळी चादर टांगा. तपासायची पद्धत एकदम साधी आहे, डोळे बारीक करून बघा, चेहरा काळा आणि उजळ अशा दोन भागांत सरळ तुटलेला दिसला तर लाइट बरोबर आहे.

सेटिंग्ज बघू. कॉमिकमध्ये पुढचं मागचं सगळं रेषेने काढलेलं असतं, त्यामुळे मागचं धूसर नको, अपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ/८ च्या आसपास ठेवा. आयएसओ, म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ते, १०० ते ४००, कारण जास्त आयएसओचे दाणे रंग कमी करताना डाग होऊन वर येतात. कमी प्रकाशात मग शटर हळू होतो, तर ट्रायपॉड लावा आणि समोरच्याला पोझ धरून थांबायला सांगा, कॉमिकमध्ये थांबलेली पोझच हवी असते. फोनवर असाल तर पोर्ट्रेट मोड बंद, कारण तो केसांच्या कडा खातो, आणि एचडीआर बंद करता येत असेल तर तोही बंद, कारण मेहनतीने तयार केलेल्या सावल्या तो उजळ करून टाकतो. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, काढता येत असेल तर रॉ काढा.

कपडे एकरंगी. बारीक चौकड्याचा शर्ट पुढे रेषा काढताना नुसती किडामुंगी होतो. मागची पार्श्वभूमी कपड्यांपेक्षा गडद किंवा फिकी, सारखी नको.

आता ती हवेतली किल्ली, कारण सगळं पान तिच्यावर उभं आहे. मी आधी किल्ली खरंच टाकून बघितली, चाळीसेक फोटो झाले, एकात ती चौकटीबाहेर, एकात आडवी म्हणजे नुसती काडी दिसतेय, एकात हलल्यामुळे पुसट. मग शिवणकामाचा दोरा तिच्या भोकातून ओवला, दोरा वर काठीला बांधला आणि किल्ली लेन्सपासून वीतभर अंतरावर लटकवली, मागे वरच्या बाजूला हाताची बोटं नुकतीच सुटल्यासारखी उघडी. वाइड लेन्स जवळ नेली की पुढची वस्तू अवाढव्य दिसते आणि मागचा हात लहान, कॉमिकमधला तो अंगावर येणारा परिणाम इथूनच येतो. फोनमध्ये अल्ट्रावाइड वापरा, जवळचं फोकस होत नसेल तर थोडं मागे सरका. लेन्स इतकी जवळ असताना एफ/८ लाही किल्ली आणि हात एकत्र धारदार येत नाहीत, म्हणून ट्रायपॉड न हलवता एक फोटो किल्लीवर फोकस करून आणि दुसरा हातावर फोकस करून काढा, नंतर मास्कने जोडता येतात. दोरा एडिटिंगमध्ये हीलिंग ब्रशने दोन मिनिटांत जातो. फेकणं, उडी, पडणारा ग्लास, या सगळ्यांना हीच युक्ती लागू होते, क्षण पकडायच्या मागे लागण्यापेक्षा क्षण मांडून ठेवा.

चेहऱ्याच्या फोटोत हावभाव नेहमीपेक्षा दीडपट मोठे करायला सांगा. समोर उभं राहून ते नाटकी वाटतं पण बारीक तपशील गाळल्यावर अर्ध्याहून जास्त हावभाव गळून जातो, तेव्हा जे उरतं ते बरोबर मापाचं असतं. आणि प्रत्येक चौकटीचे फोटो एका बाजूला मोकळी जागा ठेवूनच काढा, कापणं नंतर होतं, वाढवणं होत नाही. ज्याचे फोटो काढताय त्याला ते कुठे टाकणार आहात हेही आधीच विचारून घ्या.

शाई

पान आधी तयार करा. ए४ छापायचं असेल तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) २४८० बाय ३५०८ पिक्सेल. फोटो त्या पानावर योग्य मापात आणूनच पुढचं काम करायचं, नाहीतर एका चौकटीत रेषा जाड आणि दुसरीत बारीक असं होतं आणि दोन वेगवेगळ्या माणसांनी काढल्यासारखं दिसतं.

प्रत्येक फोटोसाठी दोन काळे लेयर करायचे आहेत, एक काळ्या भागांचा आणि एक रेषांचा.

काळ्या भागांसाठी फोटोची कॉपी करा, तिच्यावर थ्रेशोल्ड (सगळं नुसतं काळं आणि पांढरं करणारी कमांड) लावा आणि स्लायडर सरकवत राहा. एका जागी येऊन चेहऱ्याची सावलीची बाजू एकसंध काळी होते आणि उजेडाच्या बाजूला डोळा, भुवई आणि ओठ राहतात, तिथे थांबा. त्याआधी फोटो थोडा गुळगुळीत करून घेतला तर काळ्यातले फुटकळ ठिपके कमी होतात, त्यासाठी फोटोशॉपमध्ये सरफेस ब्लर आणि जिम्पमध्ये सिलेक्टिव्ह गॉशियन ब्लर आहे, हे कडा शाबूत ठेवून आतलं मऊ करतात.

रेषांसाठी फोटोची दुसरी कॉपी ब्लॅक अँड व्हाइट करा, तिची परत कॉपी करून इनव्हर्ट करा आणि त्या वरच्या लेयरचा ब्लेंडिंग मोड कलर डॉज ठेवा, जिम्पमध्ये नुसतं डॉज. स्क्रीन जवळजवळ पूर्ण पांढरा होईल, घाबरू नका, आता वरच्याच लेयरला गॉशियन ब्लर द्या, ३ ते ८ पिक्सेलच्या दरम्यान, आणि पेन्सिलने काढल्यासारख्या रेषा उमटायला लागतात. दोन्ही एकत्र मर्ज करा, लेव्हल्सने करडा घालवून काळं आणि पांढरं वेगळं करा. मग हा लेयर आणि थ्रेशोल्डचा लेयर दोन्ही मल्टिप्लायवर ठेवले की पांढरं नाहीसं होतं आणि नुसती शाई उरते.

इथपर्यंत मशीनने केलं. इथून पुढे हाताने करायचं आणि पानाचा सगळा जीव यातच आहे असं मला वाटतं. माझ्या पहिल्या पानावर मी बहिणीचा फोटो वापरला होता, ती तेव्हा बावीस वर्षांची आणि पानावर दिसत होती साठीची. बराच वेळ कारण कळेना. मग झूम करून बघितलं तर नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जाणारी जी हलकी घडी प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असते ती सॉफ्टवेअरने डोळ्याच्या कडेइतक्याच जाड काळ्या रेषेने काढली होती. फोटोत ती घडी म्हणजे रंगातला किंचित फरक, शाईत ती सरळ सुरकुती होते. मास्कवर काळ्या ब्रशने ती पुसली, डोळ्यांखालच्या दोन रेषा पुसल्या, ओठांवरच्या उभ्या रेषा पुसल्या, आणि ती परत बावीसची झाली. तेव्हापासून चेहऱ्यावर मी वरची पापणी, भुवई, नाकाखालची छोटी सावली आणि दोन ओठांमधली रेषा एवढंच ठेवून सुरुवात करतो, बाकीचं गरज वाटली तर एकेक परत आणतो.

हातांचंही असंच, बोटांच्या पेरांवरच्या सगळ्या रेषा नकोत पण बोटांच्या बाहेरच्या कडा तुटलेल्या असतील तर ब्रशने जोडा. माउसने हात थरथरत असेल तर ब्रशचं स्मूदिंग किंवा स्टॅबिलायझर वाढवा. पार्श्वभूमीत तर अजून निर्दय व्हा, जिन्याच्या कठड्याचे गज आणि पायऱ्यांच्या कडा ठेवल्या तर जिना कळतो, भिंतीचे पोपडे कशाला हवेत.

रंग

जुन्या अमेरिकन कॉमिक्समध्ये निळसर सायन, मॅजेंटा आणि पिवळा या तीन शाया असायच्या आणि प्रत्येकीच्या चारच पायऱ्या, काहीच नाही, २५ टक्के, ५० टक्के आणि पूर्ण. चार गुणिले चार गुणिले चार म्हणजे ६४ रंग, वर काळा. रंगाऱ्याला तेवढ्यात सगळं भागवायचं होतं म्हणून ती पानं इतकी ठाम दिसतात. आपल्याकडे लाखो रंग आहेत त्यामुळे आपल्यालाच हात आवरायला लागतो.

पोस्टराइज नावाची कमांड रंग कमी करून देते, ४ ते ६ लेव्हल पार्श्वभूमीला छान चालतात, पण त्वचेवर ती हिरवट गुलाबी पट्टे आणते आणि मला ते कधीच पटलं नाही. म्हणून माणसांना मी हाताने रंग भरतो. शाईच्या खाली नवीन लेयर, लॅसोने आकार निवडायचा, एक सपाट रंग ओतायचा, सावलीसाठी त्याच रंगाची एक गडद छटा, बस्स. आपल्या गोष्टीत रात्र आहे, तर जिना, कपडे, भिंत सगळं निळ्याच्या दोन-तीन छटांत ठेवा आणि पिवळा फक्त किल्लीला आणि शेवटच्या चौकटीतल्या दाराच्या फटीला. नजर आपोआप किल्लीचा माग काढत दारापर्यंत जाते, बाण दाखवायला लागत नाही.

आता ठिपके, ज्यासाठी बरेचजण या वाटेला येतात. हे ठिपके बेन डे या अमेरिकन चित्रकार-छपाईकाराच्या नावाने ओळखले जातात, त्याची पद्धत १८७९ ची, कमी शाईत फिक्या छटा दाखवायची सोय होती ती. नंतर १९६० च्या दशकात रॉय लिक्टेनस्टाइनने तेच ठिपके भल्यामोठ्या कॅनव्हासवर रंगवले आणि तेव्हापासून ठिपके म्हणजे कॉमिक असं समीकरण झालं. ते टाकायला फोटोशॉपमध्ये फिल्टर, पिक्सलेट, कलर हाफटोन, आणि जिम्पमध्ये फिल्टर्स, डिस्टॉर्ट्स, न्यूजप्रिंट. ए४ पानावर त्रिज्या ८ ते १२ पिक्सेलपासून सुरू करून बघा. पण सगळ्या पानावर मारू नका, चेहऱ्यावर तर नकोच, डोळ्यांवर ठिपके आले की भाव मेला. आकाश, भिंत, सावलीची दुसरी छटा, एवढ्याच जागी मास्क करून ठेवा.

जुनाट छपाईचा अजून एक परिणाम सोपा आहे. तेव्हा प्रत्येक शाईची प्लेट वेगळी असायची आणि ती किंचित सरकायची, म्हणून सगळा रंगाचा लेयर शाईच्या लेयरपासून २-३ पिक्सेल बाजूला सरकवा. सगळ्यात वर पिवळसर कागदाचा एक सपाट रंग मल्टिप्लायवर. दोन्ही अगदी हलक्या हाताने.

चौकटी, फुगे आणि अक्षरं

चौकटींमध्ये ४ ते ५ मिलिमीटर पांढरी पट्टी ठेवा आणि सगळीकडे सारखी ठेवा. तिसऱ्या चौकटीत किल्लीचं टोक चौकटीच्या रेषेबाहेर काढलं तर ती वाचणाऱ्याच्या मांडीत पडल्यासारखी वाटते, पण हे एका पानावर एकदाच.

फुग्याची शेपटी बोलणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेने जाऊन अर्ध्या वाटेत थांबते, ओठाला चिकटत नाही. एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांच्या वर जाऊ नका. गंमत म्हणजे इटालियन भाषेत कॉमिकला फुमेत्ती म्हणजे धुराचे छोटे पुंजके म्हणतात, ते या फुग्यांवरूनच.

मराठी अक्षरांसाठी इंग्रजी ट्युटोरियल्स कामाला येत नाहीत, कारण तिथे सगळं कॅपिटलमध्ये एका उंचीत बसतं आणि आपल्याकडे वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार. ओळींमधलं अंतर अक्षराच्या मापाच्या १.३ ते १.४ पट ठेवा नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. दोन अक्षरांतलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते. खूप जाड फॉन्ट लहान मापात वापरला की ष आणि ध ची पोटं भरून जातात. जुन्या फोटोशॉपमध्ये देवनागरी फुटत असेल तर टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा, तपासायला किल्ली हाच शब्द टाइप करून बघा, पहिली वेलांटी क च्या आधी आली आणि ल्ल नीट जोडला गेला तर सगळं ठीक. कलम हा हस्ताक्षरासारखा फॉन्ट संवादांना बरा, बलू थोडा गुबगुबीत, मोदक फक्त मोठ्या आवाजांसाठी, तिन्ही मुक्त परवान्याचे आहेत. ल आणि श मराठी वळणाचे येतात का तेवढं बघून घ्या, मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्याला हिंदी वळणाचा ल लगेच टोचतो.

आणि आवाज! इथे आपली भाषा इतकी श्रीमंत आहे की बूम आणि बँग उसने आणायची गरजच नाही. धाडकन, खाडकन, सुळ्ळकन, फटाक, धप्प, खळ्ळ, चर्र, कर्रर्र. प्रत्येकाचा पदार्थ वेगळा आहे, खळ्ळ काचेचं, धप्प मऊ वस्तूचं, टण्ण धातूचं. चौथ्या चौकटीत मी टण्ण हा शब्द जिन्याच्या पोकळीतून खाली जाताना तीन वेळा लिहिला, प्रत्येक वेळी लहान, शेवटचा इतका बारीक की शोधावा लागतो, आणि किल्ली किती खोल गेली ते वेगळं सांगावं लागलं नाही. ही अक्षरं शक्यतो हाताने काढा, शिरोरेखा जरा वाकडी केली की आवाजही थरथरतो. शेवटच्या चौकटीत दाराला फक्त एक लहानसा कर्रर्र, आणि पाचव्या चौकटीत, जिथे नुसता चेहरा आहे, तिथे काहीही लिहू नका.

सेव्ह करताना

लेयरवाली मूळ फाइल वेगळी ठेवा. बाहेर काढताना पीएनजी, कारण जेपेग सपाट रंगांच्या आणि अक्षरांच्या कडेला मळ आणतं. छापायचं पान लहान करून तेच स्क्रीनवर टाकू नका, ठिपके आकसताना त्यांच्यात लाटांसारखी नक्षी उमटते. स्क्रीनसाठी ठिपक्यांचा लेयर बंद करून आधी पान हव्या त्या मापाला आणा, मग त्या मापावर ठिपके नव्याने टाका.

आणि मग एक साधी प्रिंट काढून गोष्ट माहीत नसलेल्या कोणाच्यातरी हातात द्या, काही समजावून सांगू नका, त्याचं बोट किंवा नजर कुठे अडते ते बघत बसा. माझ्या पानावर पहिल्या तीनही जणांना दुसऱ्या चौकटीतला खिशातला हात कळला नव्हता, सगळं निळं होतं त्यात हातही निळा. किल्लीचं पिवळं टोक खिशातून जरासं बाहेर दाखवलं आणि चौथ्या माणसाने पान न अडखळता वाचलं.